शिवणीची होडी

मैत्रिणींनो, बाजारात भेंडी घेताना आपण काय करतो? टोक मोडून बघतो. नारळ कानाशी धरून हलवतो. तांदळाचा दाणा दाताखाली धरतो. कलिंगडवाल्याने कितीही शपथा घेतल्या तरी एक खाप काढून दाखवल्याशिवाय पैसे देत नाही. हे सगळं अगदी नेमाने करणारी मी, 2024च्या डिसेंबरात लाकडाच्या वखारीत गेले, रचलेल्या फळ्यांवरून नुसता हात फिरवला आणि आमच्या बचत गटाचे 14 हजार रुपये मोजून आले. पुढे काय झालं ते सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

आमचं गाव सिंधुदुर्गातलं, खाडीकाठचं. गटात आम्ही अकरा जणी. बहुतेकींचं पोट खाडीवर. ओहोटी लागली की खाडीच्या मधोमध वाळूचा पट्टा उघडा पडतो. तिथे जाऊन तिसऱ्या काढायच्या, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी बाजारात विकायच्या. उरलेल्या दिवसांत मासळी सुकवायची. मी स्वतः तिसऱ्या काढत नाही. माझं काम गटाचे हिशेब लिहायचं, बँकेत जायचं, अर्ज-बिर्ज करायचं. बी.ए. झाल्याचा तेवढा तरी उपयोग!

पट्ट्यापर्यंत जायला होडी लागते आणि ती भाड्याची. भाड्यात जवळजवळ निम्मी कमाई जायची. वर होडीवाला आपल्या सोयीने येणार. ओहोटी काही कुणासाठी थांबत नाही. तो तासभर उशिरा आला की त्या दिवसाचं काम तेवढं कमी. म्हणून स्वतःची होडी करायची, असं गटाच्या बैठकीत ठरलं. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांत वडील मावशींनी एकच अट घातली, "चार बायलांनी उचलली व्हयी."

अट बरोबर होती. ओहोटीच्या वेळी बांधापासून पाण्यापर्यंत नुसता चिखल. आमच्याकडच्या जुन्या पद्धतीच्या होड्या जाड फळ्यांच्या, ऐन किंवा फणसाच्या. पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, पण पाण्यात लोटायला आठ बाप्ये लागतात. म्हणजे होडी आमची आणि वाट बघायची दुसऱ्यांची! मग भाड्याची काय वाईट?

माझा भाचा गोव्यात होड्यांच्या कारखान्यात काही वर्षं कामाला होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्ये, पट्ट्यांची होडी करूया. चौघी काय, तिघीसुद्धा उचलाल."

पट्ट्यांची होडी म्हणजे काय, ते आधी सांगते. प्लायवूडचे साचे फूट-फूट अंतरावर ओळीने उभे करायचे, होडी पालथी घातल्यासारखे. त्या साच्यांवर बोटभर रुंद, पातळ, लांबच लांब लाकडी पट्ट्या एकीला एक चिकटवत जायचं. टोपली विणताना कांबीला कांब लागते ना, तसंच. सगळा आकार झाकला गेला की घासून गुळगुळीत करायचा. मग बाहेरून आणि आतून फायबरग्लासचं कापड इपॉक्सी नावाच्या रेझिनने चिकटवायचं. मध्ये लाकूड, दोन्ही अंगांना काचेच्या धाग्यांचं कापड. वजनाला कमी, पण ताकद भरपूर. कॅनडातल्या पीटरबरो भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सीडरच्या पट्ट्यांच्या होड्या व्हायला लागल्या. रेझिन आणि फायबरग्लास त्यांत पुष्कळ नंतर आलं.

"असल्या पातळ लाकडाची होडी टिकणार कशी?" ही शंका आमच्या घरातूनच निघाली. तेव्हा भाच्याने 'तारिणी'चं उदाहरण दिलं. नौदलाची ही 56 फुटी शिडाची नौका आपल्या शेजारच्या गोव्यात, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली आणि 2017 साली नौदलात दाखल झाली. तिच्या अंगातही मध्ये लाकडाचा गाभा आणि दोन्हीकडून फायबरग्लास आहे. याच नौकेतून वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी महिला अधिकारी सप्टेंबर 2017 ते मे 2018 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. नंतर 2 ऑक्टोबर 2024ला दिलना आणि रूपा या दोघीच नौदल अधिकारी त्याच नौकेतून निघाल्या. आमचं होडीचं बोलणं चाललं होतं तेव्हा त्या दोघी पार ऑस्ट्रेलियापलीकडच्या समुद्रात होत्या. मावशींनी हे सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "त्यांका पृथ्वी फिराची आसा, आमका खाडी." झालं, ठरलं.

भाच्याला सुट्टी मिळायला अवकाश होता. त्याने फोनवर यादी दिली. लाकूड हलकं हवं, सरळ रेषांचं हवं, गाठी नकोत आणि मुख्य म्हणजे सुकलेलं हवं. ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास. मी वहीत सगळं लिहून घेतलं. मग गटातल्या दोघींना घेऊन वखारीत गेले.

आता खरं सांगू? वखारीत पाय ठेवला आणि माझा आवाज आपोआप खाली गेला. करवतीचा कर्कश आवाज, भुशाचे ढीग, आणि सगळीकडे पुरुष. मालकांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला. "वहिनी, दोन वर्षं पडलंय माल, एकदम सुका," म्हणाले. मी फळीवरून हात फिरवला. कोरडी लागली. एखादी फळी मधून कापून दाखवा, असं म्हणावंसं वाटलं, पण 'बायकांना लाकडातलं काय कळतं' हे त्यांच्या तोंडून यायच्या आधी माझ्याच मनात आलं. तिथेच पट्ट्या चिरून घेतल्या आणि टेम्पोत घालून घरी आणल्या.

पट्ट्या आमच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवल्या. चौथ्या दिवशी काही वाकड्या दिसल्या. दहाव्या दिवशी बघवेना. कुणी धनुष्यासारखी वाकली, कुणी पिळवटली, कुणाच्या टोकाला उभ्या चिरा. केळ्याचे वेफर्स तळणीत टाकल्यावर वळतात ना, तशी गत.

मावशी आल्या, एक पट्टी उचलली, मोडली, मोडलेला भाग गालाला लावला. थंडगार. म्हणाल्या, "बाय गो, सुको बांगडो वरसून कडक लागता. पन मोडून बघल्याशिवाय आतलो ओलेपणा गावाचो नाय. लाकडाचा तसाच."

मला रडूच आलं. ज्या बायका वर्षानुवर्षं मासळी सुकवतात, वरून सुकलेलं आणि आतून सुकलेलं यातला फरक ज्यांना बोटांनी कळतो, त्यांना मी वखारीत नेलंच नव्हतं. नेल्या त्या जरा शिकलेल्या दोघी!

त्या रविवारी गटाची बैठक झाली. कुणी मला बोललं नाही. ते जास्त लागलं. फक्त एक जण म्हणाली, "ताई, माझा वाटा परत मिळेल का? मुलीची फी भरायचीय." तिचं काही चुकलं नव्हतं. मी फॉल-पिकोच्या पैशांतून तिचा वाटा परत केला आणि ती गटातून गेली. आम्ही दहा उरलो.

भाचा जानेवारीत आला. आल्या आल्या पट्ट्या बघून हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "आत्ये, पहिली गोष्ट, तुझा स्वयंपाकघरातला वजनकाटा आण." लाकडातला ओलावा मोजायची त्याची पद्धत इतकी सोपी होती की आधी कशी सुचली नाही असं वाटलं. फळीच्या टोकाचा नव्हे, मधला तुकडा कापायचा. टोकं लवकर सुकतात, ती फसवतात. तुकड्याचं वजन करायचं. मग तो ओव्हनमध्ये साधारण 100 अंशांवर सुकवायचा, अधूनमधून वजन करत राहायचं. वजन घटायचं थांबलं की लाकूड पूर्ण कोरडं झालं. जेवढं वजन घटलं त्याला कोरड्या वजनाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. आमच्या वखारीच्या फळीचा एक तुकडा उरला होता. सुरुवातीला 184 ग्रॅम, शेवटी 141. म्हणजे 43 ग्रॅम नुसतं पाणी. 30 टक्के! 'दोन वर्षं पडलेला' माल म्हणे! माझ्या केकच्या ओव्हनने माझं अज्ञान असं ग्रॅममध्ये मांडून दाखवलं. (हे करताना ओव्हनपासून हलू नका, लाकूड आहे ते.)

दुसऱ्या खेपेला आधी कोणतं लाकूड घ्यायचं यावरच चर्चा झाली. साग सगळ्यांच्या तोंडावर. पण साग महाग, पट्ट्यांच्या होडीला जरा जडच, आणि त्यात नैसर्गिक तेल असल्याने चिकटवताना त्रास देतो. ऐन तर फारच जड. सावंतवाडीच्या खेळण्यांमुळे पांगारा आमच्या ओळखीचा. हलका आहे, पण ओल लागली की लवकर कुजतो. सावरीचं तेच. आंब्याला कीड फार. परदेशातला लाल सीडर या कामाला उत्तम, पण त्याची किंमत आमच्या वहीत मावणारी नव्हती. उरली शिवण. दशमुळांतली ती शिवण हीच. लाकूड फिकट पिवळसर, सागापेक्षा हलकं. मोठा गुण म्हणजे एकदा नीट सुकलं की फारसं वाकत नाही, फाटत नाही. म्हणून तर ते वाद्यांना आणि कोरीव कामाला वापरतात. नाव ऐकल्यावर मावशी हसल्या, "शिवण? मगे ता आमचाच काम!"

शिवण मिळाली ती शेजारच्या गावात. एका गृहस्थांनी दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या आवारातलं झाड कापून घराच्या तक्तपोशीसाठी फळ्या काढल्या होत्या. घर काही झालं नाही, फळ्या गोठ्याच्या माळ्यावर पडून. झाडाच्या तोडीचे कागद त्यांच्याकडे होते. आम्ही वनखात्याच्या कचेरीत जाऊन लाकूड आणायला काय लागतं ते विचारून घेतलं. हे विचारणं कधीही टाळू नका, वाटेत टेम्पो अडला की पंचाईत होते.

यावेळी आम्ही दहाच्या दहा जणी गेलो. वजनकाटा पिशवीत होता!

फळी कशी बघायची ते भाच्याने दाखवलं आणि दाखवता दाखवता आमच्या लक्षात आलं की यातलं अर्धं आपल्याला येतंच. पहिली गोष्ट रेषा. कापडाला उभा धागा, आडवा धागा असतो आणि तिरकं कापलं तर उरेब. उरेब कापड ताणलं जातं, हे कुठल्याही शिवणाऱ्या बाईला सांगायला नको. लाकडाचंही तसंच. रेषा फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. वरून सरळ दिसल्या तरी फळी कडेवर उभी करून बाजूनेही बघायच्या. तिथे रेषा तिरक्या होऊन बाहेर पडत असतील तर पट्टी नेमकी तिथेच मोडते.

दुसरं, गाठी. लहान, घट्ट बसलेली गाठ चालते, तेवढा तुकडा कापून काढता येतो. काळी, सुटी गाठ असली तर ती फळीच नको. तिसरं, कीड. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली की आत भुंगा आहेच. रव्यात पोरकिडे असतात तेव्हा नाही का जाळी आणि पीठ दिसत! चौथं, झाडाच्या अगदी मधल्या नळीतून कापलेली फळी. ती हमखास फाटते. पाचवं, वजन. दोन सारख्या फळ्या दोघींनी एकेका टोकाने उचलायच्या. जी जड, ती एक तर ओली किंवा गाठाळ.

आणि एक गंमत. ओंडक्याचं कापलेलं तोंड बघा. कापलेल्या अळूवडीसारखं दिसतं, वर्तुळात वर्तुळ. त्या ओंडक्याची फळी कशी काढली यावर तिच्या टोकाला वर्तुळांच्या रेषा उभ्या दिसतात की आडव्या, ते ठरतं. दारं-खिडक्या करणारे उभ्या रेषांच्या फळीला जास्त पैसे देतात, कारण ती कमी वाकते. आडव्या रेषांची फळी त्यामानाने स्वस्त. आम्हाला मात्र आडवीच हवी होती. कारण पट्टी फळीच्या कडेवरून चिरायची असते. चिरून ती आडवी ठेवली की तिच्यात तीच रेष उभी होते! म्हणजे स्वस्त फळीतून उत्तम पट्टी. हे ऐकल्यावर आमच्या गटातल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर सेलमध्ये चांगली साडी सापडल्यासारखा आनंद दिसला.

मावशी तेवढ्यात प्रत्येक फळीवर बोटाच्या पेराने टकटक करत फिरत होत्या. दोन फळ्या त्यांनी बाजूला काढल्या. "ह्यो आवाज बसको." त्यांतली एक मालकांनी कापून दाखवली, आतून भुंग्याने पोखरलेली. भाच्याने मावशींना वाकून नमस्कार केला.

आम्ही मधला तुकडा मागितला. मालकांनी हसत हसत दिला, हो, नुसतं विचारलं म्हणून दिला! घरी येऊन सुकवला. 162 ग्रॅमचे 142 झाले. 14 टक्के. जवळपास! मग 12 फळ्या घेतल्या, प्रत्येकी 8 फूट लांब, 9 इंच रुंद, 1 इंच जाड. म्हणजे 6 घनफूट.

आता हिशेब बघा, कारण इथेच लोक फसतात. पट्टी 8 मिलिमीटर जाडीची. पण करवतीचं पातंच 3 मिलिमीटर खातं. म्हणजे एका पट्टीमागे फळीतले 11 मिलिमीटर जातात, त्यातले 3 भुसा! विकत घेतलेल्या लाकडाचा चौथा हिस्सा असा जमिनीवर पडतो. 9 इंची फळीतून 20 पट्ट्या निघाल्या, 12 फळ्यांतून 240. होडी 14 फुटी, लागणार होत्या साधारण 100 लांब पट्ट्या. आमच्या पट्ट्या 8 फुटी, म्हणून दोन जोडून एक, अशा 200. उरलेल्या 40 घटीसाठी. भाकरीचं पीठ भिजवतानाही आपण पाव्हण्यांपेक्षा दोन भाकऱ्या जास्तीच्या धरतोच की.

चिरलेल्या पट्ट्या यावेळी भिंतीला टेकवल्या नाहीत. एक म्हणाली, चुलीवरच्या माळ्यावर ठेवूया, पटकन सुकतील. भाचा नको म्हणाला. धुराचा चिकटा लाकडावर बसला की गोंद धरत नाही. उन्हातही नको. ऊन वरचा भाग घाईने सुकवतं आणि आतला तसाच राहतो, मग चिरा पडतात. मासळीची गोष्ट निराळी, तिला आपण मीठ लावतो. लाकडाला हवी सावली आणि खेळती हवा. शाळेच्या मागे जुनी पत्र्याची शेड होती, ती परवानगीने घेतली. जमिनीपासून हातभर उंच ओटा केला. पट्ट्यांचा एक थर, त्यावर दर दोन फुटांवर आडवे तुकडे, त्यावर पुढचा थर. हे आडवे तुकडे खालपासून वरपर्यंत एकाच ओळीत आले पाहिजेत, नाही तर पट्ट्या मध्येच लवतात. टोकांना जुना ऑइल पेंट फासला, म्हणजे टोकांतून ओल घाईने जात नाही. सगळ्यांत वर चिऱ्याचे दगड.

ते आडवे तुकडे आणले कुठून, सांगू? पहिल्या वेळच्या पिळवटलेल्या पट्ट्या बारीक कापून. 14 हजारांचं लाकूड निदान तेवढ्या कामी तरी आलं.

फेब्रुवारी आणि मार्च, दोन महिने आम्ही पाळीपाळीने जाऊन ढिगाची वरची-खालची अदलाबदल केली. वाल सुकवताना हलवतो ना, तसं. दर पंधरा दिवसांनी काटा आणि ओव्हन. मार्चअखेर आकडा 12वर आला. यापेक्षा खाली आमच्या खाडीकाठी जाणार नाही, असं भाचा म्हणाला. पावसाळ्यात तर हवाच इतकी दमट की कितीही थांबलात तरी लाकूड सुकत नाही, उलट ओल पितं. म्हणजे काम पावसाआधी संपलंच पाहिजे.

मग निवड सुरू झाली. प्रत्येक पट्टी दोघींनी दोन टोकांना धरून हलकेच कमान करायची. सारखी वाकली तर पास. एकाच जागी कोन झाला किंवा 'कट' असा बारीक आवाज आला तर बाद. 240मधल्या 31 बाद झाल्या. एका दुपारी आम्ही दहा जणी कमानी करत बसलो होतो. पोरंटोरं बघायला जमली, त्यांना वाटलं दसऱ्याच्या सोन्यासारखा कसला तरी खेळ आहे.

एकाच फळीतल्या पट्ट्यांना एकच नंबर दिला. एक डावीकडे लावायची, तिची जोडीदार उजवीकडे. एका बाजूच्या पट्ट्या ताठ आणि दुसऱ्या बाजूच्या मऊ असल्या तर होडी साच्यावर एका अंगाला ओढली जाते. ब्लाउजचे दोन्ही बाजूबंद एकाच कापडातून काढतो, तसंच.

जोड तिरका द्यायचा. दोन्ही टोकं उताराने तासायची, उतार जाडीच्या आठपट लांब. म्हणजे 8 मिलिमीटरला 64 मिलिमीटर. असा जोड नीट चिकटला की पट्टी वाकवताना तिथे सहसा मोडत नाही. आणि शेजारशेजारच्या पट्ट्यांचे जोड एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. गवंडी विटांचे सांधे चुकवतो ना, तसे चुकवायचे. मग भाच्याने यंत्रावर प्रत्येक पट्टीची एक कड गोल केली आणि दुसऱ्या कडेला तशीच खोबण. वाटीत वाटी बसावी तशी पट्टीत पट्टी बसते. वळणावरही फट राहत नाही. या सगळ्या कामात नाकाला फडकी आणि रेझिन लावताना हातमोजे, हे भाच्याने सक्तीचं केलं होतं. आम्ही कुरकुरलो, पण घातले.

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष होडी बांधणं हे, खरं सांगायचं तर, सोपं वाटलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पहिली पट्टी लागली. घासकाम आम्ही केलं, कापड-रेझिन भाच्याने. मेच्या मध्यावर होडी साच्यावरून उतरली. 2025 साली पाऊस मे महिन्यातच आला. 25 मेला तो आमच्या जिल्ह्यात पोचलासुद्धा. दहा दिवस उशीर झाला असता तर सगळंच बिघडलं असतं. आणि 29 मेला 'तारिणी' त्या दोघींना घेऊन गोव्याला सुखरूप परतली. ती बातमी आम्ही शेडमध्ये, होडीभोवती बसून मोबाईलवर बघितली.

बंदर कार्यालयात जाऊन होडीसाठी काय कागदपत्रं लागतात ते विचारून केलं, लाइफ जॅकेटं घेतली. नारळी पौर्णिमेला नारळ दिला आणि होडी पाण्यात गेली. त्याआधी रेशनच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर तिचं वजन केलं होतं. 54 किलो. चौघींना विभागून प्रत्येकीला साडेतेरा. भरल्या कळशीएवढं. कळशी काय, आम्ही लहानपणापासून उचलतो.

गेला हंगाम आमच्या होडीने काढला. भाडं वाचलं, ओहोटी आमच्या हातात आली. रेझिनचं बिल अजून फिटतं आहे. काठाला एका जागी खरवडलं, ते भाच्याने शिकवल्याप्रमाणे आम्हीच दुरुस्त केलं. जी मैत्रीण गटातून गेली, ती आताशा कधी कधी आमच्या होडीतून येते. तिच्याकडून भाडं घ्यायचं की नाही यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मी म्हणते, नको. हिशेब लिहिणारीनेच असं म्हणणं बरं दिसत नाही, असं बाकीच्यांचं म्हणणं. बघू.

तुमच्यापैकी सगळ्याच काही होडी बांधणार नाहीत. पण दार, देव्हारा, पाळणा, पोरांचं टेबल यांसाठी कधी ना कधी वखारीची पायरी चढावी लागतेच. तेव्हा फळी उभी करून कडेने बघा. वाजवून बघा. मधला तुकडा मागा आणि घरच्या काट्यावर तोला. मालक हसला तर हसू दे. भेंडीवाला पहिल्यांदा टोक मोडलं तेव्हा नक्की रागावला असेल. आता बोलतो का काही?